साडेआठ ते पावणेनऊ

टकटक्याला माणसं मोजायला सांगितलं की तो तोंड वाकडं करायचा. "माणूस मधेच मागं फिरतो," म्हणायचा, "गाडी कशी, रेघ ओलांडली की ओलांडली." सव्वीस वर्षं तो चौकाचौकांत बसून गाड्या मोजत आला. मुठीत मोजणीचं यंत्र, गाडी गेली की अंगठा दाबायचा आणि टक. त्यावरून हे नाव. नांगर धरणाऱ्याच्या तळव्याला पडतो तसला घट्टा त्याच्या अंगठ्याला पडला होता. जेवतानाही तो अंगठा हलायचा. "घास मोजताय का?" वहिनी, म्हणजे त्याची बायको, विचारायची.

मी त्याच्या शेजारी पाच वर्षं बसलो. यंदा आमच्या खुर्च्या होत्या एका टायरच्या दुकानाच्या गच्चीवर, खाली चार रस्त्यांचा चौक. विद्यापीठातली एक संशोधक बाई गर्दीचा अभ्यास करत होती. सिग्नलचे दिवे ठरावीक वेळ लागतात, गर्दी मात्र ठरावीक नसते, तेव्हा कुठल्या रस्त्याला कधी किती हिरवा द्यायचा हे तिला काढायचं होतं. आम्हाला ते पाटाच्या पाण्यावरून कळलं. ज्या वावराला तहान जास्त त्याला पाळी लांब. इथं कुणाला किती तहान हे आमचे अंगठे सांगणार, एवढाच फरक. कॅमेरे होते, पण झाडाची फांदी आडवी आली की ते आंधळे, आणि एकाला एक खेटून चार दुचाक्या गेल्या की त्यांना त्या दोनच दिसायच्या.

मी उभा रस्ता मोजायचो, टकटक्या आडवा. आडव्याच्या वरच्या टोकाला हॉस्पिटल. दर पंधरा मिनिटांनी आकडा कागदावर उतरवायचा आणि यंत्र शून्यावर आणायचं. आमच्यात एक रीत आहे. चुकलं तर खोडाखोड करायची नाही. ज्यानं मोजलं त्यानंच पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काट मारायची आणि खाली सही करायची. काट मारलेलं पान मेलं. माझ्या नावावर अशी नऊ-दहा पानं असतील. टकटक्याच्या नावावर एकही नव्हतं, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

पहिल्याच दिवशी सकाळी उभ्या रस्त्याला लाल लागला. माझा अंगठा मोकळा झाला, आता टकटक्याची पाळी. आडव्यावरून गाड्या सुटल्या तरी शेजारून आवाज येईना. बघतो तर हा मान लांब करून माझ्या रस्त्याकडं बघतोय. पांढऱ्या रेघेपाशी एक स्कूटर उभी होती. वर पिवळं हेल्मेट.

"कोण आहे रे ती?"

"कोण नाही."

"कोण नाही तर एवढं काय बघतोस?"

"लेक आहे," तो म्हणाला. शेजाऱ्यानं नेलेली शिडी परत आणून दिली, हे सांगावं तसं.

नव्वद सेकंदांनी हिरवा लागला, पिवळं हेल्मेट गेलं आणि शेजारी पुन्हा टकटक सुरू झाली.

लेकीची गोष्ट मला माहीत होती. टकटक्यानं आपल्या जुन्या मित्राला शब्द दिला होता, तुझा मुलगा माझा जावई. चार दिवसांनी पोरगी म्हणाली, नाही. आरडाओरडा झाला नाही, त्यांच्या घरात तो कधीच होत नसे. टकटक्या एवढंच म्हणाला, "माझा शब्द मोडलास. आता माझ्या दारात उभी राहू नकोस."

पोरगी पडली त्याचीच. जशी खाण तशी माती. दोन वर्षं ती दारात उभी राहिली नाही. दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात नोकरी धरली, खोली घेतली. आईला भेटायला यायची ती कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापाशी, दारापासून मोजून वीस पावलांवर. बाप वर खिडकीत असायचा. तिथून शिंप्याचं छप्पर दिसायचं, पोरगी नाही.

"बोलव की तिला," मी म्हणालो.

"काय म्हणून?"

"ये म्हणून."

"दोन वर्षांनी ये म्हणायचं म्हणजे तेव्हाचं चुकलं म्हणायचं."

"चुकलंच होतं ना?"

त्यावर त्यानं यंत्र शून्यावर आणलं.

पुढं हे रोजचंच झालं. पोरगी कधी आठ पस्तीसला यायची, कधी आठ बेचाळीसला. त्यामुळं साडेआठ वाजले की टकटक्याचं चित्त उडायचं. अंगठा यंत्रावर आणि नजर उभ्या रस्त्याच्या वळणावर. वाट बघण्यात एक-दोन लाल जायचे, ती दिसली की एक. आडव्यावरून गाड्यांचं खिल्लार निघून जायचं आणि शेजारी अधूनमधून एखादी टक. पावणेनऊला तो कागदावर आकडा उतरवायचा. मी दोनदा सुनावलं.

"दादा, गाड्या सुटताहेत तुझ्या."

"तू तुझा रस्ता बघ."

"तुझी लेक माझ्याच रस्त्यावर आहे, मी बघतोच आहे."

तो हसला, पण आकडा तोच लिहिला. मीही मग गप्प बसलो. आपलेच दात, आपलेच ओठ. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, पाव तासानं काय आभाळ कोसळतंय?

आभाळ नाही कोसळलं, पण सिग्नल बदलला. मोजणी संपली, बाईच्या संगणकानं आकडे गिळले आणि नव्या वेळा ओकल्या. साडेआठ ते पावणेनऊ आडवा रस्ता ओस असतो, असं त्याला कळलं. मग ओस वावराला पाणी कशाला? त्या पाव तासात आडव्याचा हिरवा निम्म्याहून कमी केला आणि उभ्याला मोकळं सोडलं. नव्या वेळांनी काय फरक पडतो ते मोजायला आम्ही पुन्हा त्याच गच्चीवर.

पहिल्या सकाळी पिवळं हेल्मेट वळणावर दिसलं, आलं आणि थांबलंच नाही. हिरव्यातून सरळ गेलं. टकटक्या खुर्चीतून अर्धा उठला होता, तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी थांबलं, पण तो चष्मा पुसून डोळ्यांना लावतो तोवर निघून गेलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा हिरवा. "कुणी केलं रे हे?" त्यानं विचारलं. मी त्याच्या अंगठ्याकडं बघितलं. त्यानंही बघितलं.

तिकडं आडवा रस्ता तुंबला. रांग हॉस्पिटलच्या फाटकात शिरली. नर्सबाया बसमधून उतरून चालत सुटल्या. एका रुग्णवाहिकेचा ओरडून ओरडून घसा बसला, तरी तिला चौक ओलांडायला तीन हिरवे लागले.

आठवड्यानं बाई गच्चीवर आली, सोबत सिग्नलच्या पेटीचा मिस्त्री. तोंड उतरलेलं होतं ते मिस्त्रीचं. पेटीतच बिघाड आहे, असं वर कळवायचं ठरत होतं.

"बाई, पेटी उघडून दाखवतो," तो काकुळतीला आला होता. "तुम्ही जे आकडे दिले तेच दिवे देतायत."

"आकडे बरोबर आहेत," बाई म्हणाली. "काकांनी मोजलेत." तिनं संगणकावर आलेख दाखवला. आडव्या रस्त्याची रेघ चढत जायची, साडेआठला धाडकन खाली आणि पावणेनऊला पुन्हा वर. "आम्ही म्हटलं, हॉस्पिटलातल्या पाळ्या तेव्हा बदलून झालेल्या असतात, म्हणून रस्ता मोकळा. अहवालातही तसंच लिहिलंय. एकच कळत नाही. गुरुवारी हा खड्डा पडत नाही. काका, गुरुवारी काय असतं इथं?"

मिस्त्री माझ्याकडं बघत होता, मी जमिनीकडं. टकटक्याचा अंगठा हलत होता.

"गुरुवारी तिची सुट्टी असते," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं, चार-पाच वाक्यांत. त्यानं आपली जुनी पानं मागितली. गुरुवारची दोन सोडून दहा पानं पुढं ओढली, एकेकावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काट मारली आणि खाली सही केली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच मारत होता, त्यामुळं पहिली रेघ जरा वाकडी आली.

बाई हळू आवाजात म्हणाली, "काका, फेरमोजणी तुम्हाला देता येणार नाही."

"देऊ पण नका," तो म्हणाला.

त्याला नदीच्या पुलावर पाठवलं. फेरमोजणी होईपर्यंत दिवे जुन्या वेळांवर आणले, उभ्याला पुन्हा नव्वदचा लाल. आणि टकटक्याच्या खुर्चीत, आडव्या रस्त्यावर, मला बसवलं.

पहिल्या दिवशी मीही चुकलो असतो. पिवळं हेल्मेट रेघेपाशी थांबलं. पोरीनं पाय टेकवले आणि मान वर केली, थेट गच्चीकडं. माझ्या खुर्चीकडं. मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला एवढं दिसलं आणि मी मान फिरवली, गाड्या सुटत होत्या.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. "वर बघत होती," म्हणालो.

त्यानं हातातला पेला खाली ठेवला. "रोजच बघायची?"

"ते मला काय ठाऊक? रोज तिच्याकडं तू बघत होतास."

"हेल्मेट असायचं रे. काच काळी." जरा वेळानं म्हणाला, "किती वेळ बघत होती?"

"मोजलं नाही."

"मग कसला मोजणीवाला तू?"

आतून वहिनी म्हणाली, "आता तरी." एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यानं पुलावर रजा टाकली.

आठ वाजून वीस मिनिटांनी तो मला खाली दिसला. इस्त्रीचा सदरा, रिकामे हात. पांढऱ्या रेघेच्या टोकाला, पदपथाच्या कडेला, जिथं स्कूटर उभी राहते तिथं जाऊन उभा राहिला. दारात उभं राहू नकोस म्हणालेला माणूस स्वतः रस्त्यात उभा.

आठ अडतीसला उभ्याला लाल लागला आणि माझा आडवा रस्ता सुटला. पिवळा रंग रेघेकडं येताना दिसला. त्यानंतर मी खाली बघितलं नाही. त्या लालमध्ये आडव्यावरून एक्केचाळीस गाड्या गेल्या. एकही सुटली नाही, कुणीही येऊन पानं तपासावीत.

मग माझा रस्ता थांबला आणि उभ्याला हिरवा लागला. खालून हॉर्न वाजायला लागले, एक, मग चार-पाच, मग सगळा रस्ता. नेहमीपेक्षा बराच वेळ वाजत होते.