हरकत नाही
माझ्यासारख्यानं लिहावं असं काही नाही, माफ करा. पण आज खळीचा आंबूस वास आला आणि राहवलं नाही. नागपुरात आमच्या विणकरांच्या गल्लीत सुताला खळ लावून ते उन्हात ताणत. शेजारी नऊ मजली हॉटेल येणार म्हणताच काका भडकले, “सुताले ऊन का हॉटेलवाल्याचा बाप देईन? तू कॉलेजात शिकून राहिला ना गा, लिही हरकत!” घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अर्ज घेऊन महापालिकेच्या कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, “साहेब जेवायला गेलेत. अर्ज ठेवून जा, चालेल ना?” मी शिकलेल्या अदबीनं म्हणालो, “हरकत नाही.” त्यानं लगेच काहीतरी टिपून घेतलं. दोन महिन्यांनी कळलं, हॉटेल मंजूर झालं. माझ्या अर्जावर शेरा होता, ‘गल्लीचा माणूस समक्ष म्हणाला, हरकत नाही.’