अजिनाथ पॅनमनचा अंगठा

पुणतांब्यात सत्तरी ओलांडलेली माणसं काय काय करतात ते ऐकून ठेवा. कोणी गुडघे मोजतं, कोणी सुनेच्या चुका मोजतं. आम्ही सात जण रिमोटच्या गाड्या पळवतो. हातभर गाडी, सुपारीएवढी चाकं, आणि मागं सात थोर पुरुष जिभा बाहेर काढून बटणं दाबताहेत. नातवंडं लाजून बाहेर निघून जातात.

मैदान म्हणजे आबासाहेबांचं मंगल कार्यालय. पंचांगात लग्नाची तिथी नसली की हॉल मोकळा, म्हणजे आमची शर्यत. चकचकीत ग्रॅनाइटवर ठिबकच्या जुन्या नळ्या अंथरायच्या, वळणं आखायची, आणि मोझेस सरांनी शिट्टी मारायची. मोझेस सर शाळेत पीटीला होते. सर निवृत्त झाले, शिट्टी झाली नाही.

पण मला सांगायचंय अजिनाथचं. हा साखर कारखान्यात पॅनमन होता. म्हणजे काय, तर मोठ्या भांड्यात रस शिजतो, त्याचा थेंब अंगठा आणि बोटात धरून ताणायचा, तार बघायची, आणि दाणा कधी धरेल ते सांगायचं. चौतीस सीझन त्यानं हेच केलं. मग कारखान्यात कॉम्प्युटर बसला आणि अजिनाथचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ. ज्याला आता कुठंच वेळेवर जायचं नव्हतं, त्याला घड्याळ! साहेब लोकांना सुचतं बरं.

अंगठा मात्र घरी बसला नाही. गावात लग्न असलं की आचारी कढईपाशी अजिनाथची वाट बघत थांबायचा. यानं पाक बोटांत ताणून "व्हय, टाक आता" म्हटल्याशिवाय बुंदी पाकात पडायची नाही. मी एकदा विचारलं, "भाजत न्हाई का रं?"

"भाजतंय की. पन भाजल्याबिगर तार कळत न्हाई."

कारखान्यानंतर त्याला उरलेला मान तेवढाच. आणि तोच आबासाहेबांना खुपायचा. हॉल त्यांचा, कढई त्यांची, आणि पंगतीत नाव अजिनाथचं!

तशात दोघांचं गाडीवरून वाजलं. आबासाहेब म्हणजे अभ्यासू माणूस. टायर ठेवायला त्यांनी घरातला मिसळणाचा डबा पळवलेला. मोहरीच्या वाटीत मऊ टायर, हळदीच्या वाटीत मध्यम, जिऱ्याच्या वाटीत कडक. वहिनी महिनाभर मसाले पुडीतून काढत होत्या. शर्यतीआधी टायरला पकड यावी म्हणून कसलंसं तेल लावायचे, तेही नवरदेवाला हळद लावावी तसं, चारी अंगांनी. अजिनाथ नुसता अंगठ्यानं टायर दाबून बघायचा आणि बसवायचा.

"अजिनाथ, टायर म्हंजी काय पाक हाय व्हय?" आबासाहेब म्हणाले. "हा कागद बघ. पुण्याहून आलाय. स्प्रिंग कुठली, गाडीची उंची किती, टायर कुठलं, समदं लिवलंय."

"कागदाला फरशी दिसती का पन?"

"रविवारी कळंल. हरलास तर माझ्या कार्यालयात कढईला हात लावायचा न्हाई."

मोझेस सरांनी शिट्टी तोंडातून काढली, यावरून प्रसंग ओळखा.

"आन जिंकलो तर?" अजिनाथनं विचारलं.

"तर मरंपत्तुर बुडव अंगठा."

"कोन मरंपत्तुर? तुमी का मी?"

त्या रात्री अजिनाथ जेवला नाही म्हणे. त्याच्या बायकोनं, पुष्पावती वहिनींनीच सांगितलं. भाजीत मीठ जास्त झालं होतं हेही एक कारण असेल, पण ते त्यांनी सांगितलं नाही.

शनिवारी हॉलमध्ये मोठं लग्न झालं. रविवारी आम्ही जमलो. फरशी पुसलेली, चकाचक. माझी चप्पल पावलागणिक चटचट वाजत होती, पण या वयात काय काय वाजतं, मी लक्ष दिलं नाही.

गुळगुळीत फरशीवर मऊ टायर, हा आमचा पहिला धडा. आबासाहेबांनी मोहरीची वाटी उघडली. सरावात गाडी हळू फिरवली तर नुसती चिकटून पळाली. "तेल लागू पडलं!" ते हरखले.

अजिनाथ तेवढ्यात उकिडवा बसला. अंगठा फरशीवर टेकवला, उचलला, बोटाशी घासून ताणला. डोळे बारीक केले. मग माझ्याकडं बघून गालात हसला आणि गाडीचे मऊ टायर काढून कडक, झिजलेले चढवले. गाडी खाली बसवली, जमिनीला टेकेल इतकी. वर टायरच्या कडांना गोंद फासला, म्हणजे कडेनं रबर धरायलाच नको.

मी म्हटलं, "येडा झाला का? घसरशील."

"बघ तू."

शिट्टी झाली. दोन फेऱ्या आबासाहेब पुढं. तिसऱ्या फेरीला त्यांनी वेग पुरा सोडला, स्टेजपाशी वळण आलं, मऊ टायरनं फरशी अशी धरली की सोडीचना, आणि गाडी जादा भरलेल्या उसाच्या ट्रॉलीसारखी आडवी! उचलून ठेवली, पुढच्या वळणाला पुन्हा आडवी. आम्हा उरलेल्या पाच जणांच्या गाड्यांनीही तीच नक्कल केली. अजिनाथची गाडी तेवढी झोकात वळत राहिली. दहा फेऱ्या, पहिला नंबर. मी सातवा आलो. गाड्या सातच होत्या.

"ही काय शर्यत हाय का?" आबासाहेब ओरडले. "फरशी चिकट हुती!"

"हुतीच," अजिनाथ शांतपणे म्हणाला. "कालच्या बुंदीचा पाक हाय. एकतारी. मीच बघितल्याला. एकाच बादलीनं सगळा हॉल पुसलाय तुमच्या मानसांनी."

आता बघा योग कसा असतो. दारात कोपरगावचे एक पाहुणे उभे. मुलीच्या लग्नासाठी हॉल बघायला आलेले. त्यांनी नुसतं विचारलं, "चिकट हाय व्हय फरशी?"

आबासाहेबांनी एकदा पाहुण्यांकडं बघितलं, एकदा अजिनाथकडं.

"छे छे, पाव्हनं! आरसा हाय आरसा! ह्यो अजिनाथ जिंकला तो अंगठ्याच्या जोरावर. लई जानकार मानूस."

"जरा मोठ्यांदा, आबासाहेब," अजिनाथ म्हणाला. "मोझेस सरांना कमी ऐकू येतंय."

हॉल ठरला. त्या लग्नात आबासाहेबांनी स्वतः खुर्ची आणून कढईपाशी ठेवली, तीही स्टेजवरची, लाल मखमलीची. अजिनाथ तीत बसला, पाकात अंगठा बुडवला, ताणला, आणि सगळ्या आचाऱ्यांना उगाचच पाच मिनिटं जास्त थांबवलं.