भंडारा उचलला आणि मग कळलं

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही. मी चौथी शिकलेला, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

नात सातवीला आहे, इथंच कवठे महांकाळला. तिच्या निबंधावर सरांनी शेरा मारला, 'मशीनने लिहिलेला.' पोर रडत घरी आली. आम्ही मेंढरं घेऊन कृष्णाकाठी कसे जायचो, यावर तो निबंध होता, आणि ते मीच तिला सांगितलं होतं. सांगताना मी स्वतःच त्या पहाटेच्या धुक्यात चालत होतो.

तिला घेऊन तडक शाळेत गेलो. सर म्हणाले, "आबा, मी तपासलंय. फोन सांगतोय, हे मशीनचं आहे."

मी बिरोबाचा भंडारा जवळ ठेवतो. ती हळद हातात घेऊन शपथेवर म्हणालो, "सर, शब्द न् शब्द पोरीचा हाय." सरांनी शेरा खोडला.

परत येताना ज्वारीवर उतरतं ऊन होतं. पुढं आपला कळपच चाललाय असं वाटत होतं. तेवढ्यात नात म्हणाली, "आबा, शेवटच्या चार ओळी फोनच्या हायत. मला शेवट जमंना."

"आन् हे आता सांगतीस व्हय?"

"तुमी भंडारा काढला, तवा लय भ्याले."

खोटी शपथ झाली, देवाची माफी मी मागेन. उद्या दोघं जाऊन सरांना खरं सांगणार. पण किती मदत चालते, हे आजवर तिला कुणीच सांगितलं नव्हतं. सरांनी नाही, मीही नाही. चार ओळींपायी तिचा सगळा निबंध मशीनचा धरायचा का? तुम्ही सर असता तर काय केलं असतं?