पिनेची चव

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी वाशीच्या एका वर्कशॉपमध्ये उमेदवारी करत होतो. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या गाड्या तेव्हा नुकत्याच आल्या होत्या आणि त्यातलं सगळं आपल्यालाच कळतं, असा माझ्यासारख्या डिप्लोमावाल्याचा तोरा होता. एका पांढऱ्या गाडीने तो उतरवला. दसऱ्याला सर्व्हिसिंग होऊन गेलेली ही गाडी चालता चालता बंद पडायची, म्हणून तीनदा परत आली. कॉम्प्युटर गेलाय, असं मी ठोकून दिलं.

"नवा मागवतो," मॅनेजर म्हणाले. "पण दोष दुसरीकडे निघाला, तर कायम व्हायचं विसर."

माझी पाचावर धारण बसली. त्याआधी एकदा बघू या, म्हणून त्यांनी खाडीकाठच्या गावातल्या वायरमनकाकांना बोलावलं. काकांचे वडील मिठागरावर राबलेले, यांचा स्वतःचा हात ट्रकच्या वायरिंगवर बसलेला. हे कॉम्प्युटरला काय हात लावणार, असं मला वाटलं.

काकांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि वायरींचा जुडगा वीत वीत हलवत गेले. कुठे ओढलं नाही, कापलं नाही. कॉम्प्युटरजवळच्या एका सॉकेटला बोट लागलं आणि इंजिन गचकन बंद.

"डबा चांगला हाय," काका कॉम्प्युटरकडे बोट दाखवत म्हणाले. "त्याला निरोपच पोचत नाय."

सॉकेट उघडलं, तर पिनांवर चिकट थर. मी घाईने म्हणालो, "खाडीची खारी हवा, काका."

त्यांनी बॅटरी सोडवली, थर बोटावर घेऊन जिभेला लावला आणि थुंकले. "मिठाचा मना नको सांगू. ह्या गोड हाय."

माझा चेहराच उतरला. दसऱ्याला गाड्यांची पूजा मी केली होती. बाकीच्यांच्या चाकांवर नारळपाणी शिंपडलं. हिचा जीव कॉम्प्युटरमध्ये, म्हणून बॉनेट उघडून थेट तिथेच. आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करताना त्या सॉकेटची क्लिपही मी नीट लावली नव्हती.

"कुनी ओतला?"

"मी."

काकांनी पिना पुसल्या, बॅटरी जोडली, गाडी चालू करून सॉकेट पुन्हा हलवलं. इंजिन एकसारखं चालत राहिलं. मॅनेजर येताना दिसले.

"सायबाना तूच सांग," काका हळूच म्हणाले. "मी सांगला त चुगली व्हईल."

मी सगळं सांगितलं. मॅनेजरांनी कपाळाला हात लावला. ते काही बोलायच्या आत काका म्हणाले, "लपवला नाय त्याने. माज्याकडं द्या, शिकल."

एवढा मोठा मिस्त्री माझ्यासाठी शब्द टाकतो, याने मला भरून आलं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या हाताखाली उभा राहिलो. वर्षाच्या आत कायम झालो.

पुढच्या दसऱ्याला नारळ काकांनी माझ्याच हातात दिला. आणि मी फोडेपर्यंत स्वतः बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.