जस्ती बादलीतलं ताक

आमच्या आबांना सुईची भीती नाही, सुईनंतर जो कागद येतो त्याची आहे. त्यांच्या थोरल्या भावाच्या रक्तात साखर निघाली आणि पुढे काका हृदयविकाराने गेले. "त्या कागदानंच खाल्ला त्याला," हे आबांचं ठाम मत. काका ज्या वयात गेले, त्या वयाला यंदा ते स्वतः पोचले. तपासणीचा विषय निघाला रे निघाला, की गोठ्याची वाट धरायची.

मुळशीला घराशेजारी आमच्या दोन खोल्या आहेत. शनिवार-रविवार तिथे पुण्याचे पाहुणे उतरतात. त्यातल्या एका बाई तांदळाची भाकरी खाता खाता आबांना म्हणाल्या, की जेवणातून पुरेसं जस्त पोटात जायला हवं, ते कमी पडणं साखरेला आणि हृदयाला बरं नाही म्हणतात. पुढे त्या कडधान्यं, तीळ, अंडी असं काहीतरी सांगत होत्या, पण तोवर आबा उठलेसुद्धा. जस्त म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. गोठ्यात जस्ती बादली होती.

तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी पिणारी आमची माणसं. आबांनी तोच न्याय इथे लावला. बादली घासूनपुसून घेतली आणि नुसत्या पाण्यात जस्त कसलं उतरतंय, म्हणून तिच्यात ताक ओतून ठेवलं. सकाळी उपाशीपोटी तांब्याभर ढोसलं. घरात कुणाला पत्ता नाही.

मी पिरंगुटला राहते. त्या रविवारी माहेरी पोचले तर आबा ओट्यावर बसून ओकत होते. सदरा घामानं चिंब झालेला, आणि हात सारखा पोटावरून छातीकडे जात होता.

"काय होतंय आबा?"

"काय न्हाई. पित्त हाय."

काकांनाही शेवटच्या दिवशी असाच घाम आला होता, आणि तेही पित्तच म्हणाले होते. आईनं माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघींनी त्यांना उचलूनच गाडीत घातलं.

समोरून रिसॉर्टकडे निघालेल्या गाड्यांची ही रांग. एक महाशय रस्त्यात मधेच गाडी थांबवून धरणाचा फोटो काढत होते. त्यांना मी खिडकीतून जे सुनावलं, ते आई मागे बसलेली असताना बोलायचं नव्हतं. आई एवढंच म्हणाली, "आजून जोरात बोल."

दवाखान्यात लगेच ईसीजी काढला. डॉक्टर पट्टी बघत होते तेवढ्या वेळात मी मनात काय काय कबूल केलं, कुठले कुठले देव गाठले, ते सांगत नाही. मग ते म्हणाले, "यात झटक्याचं काही दिसत नाही. रक्तही बघू, थोडा वेळ इथेच थांबा. सकाळी काय खाल्लं होतं?"

आबा छताकडे बघू लागले. शेवटी पुटपुटले, "ताक. जस्ती बादलीतलं."

आईनं कपाळावर हात मारला. "आवो, बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं, येवडं बी ठावं न्हाई तुमास्नी?"

"ठावं हाय की! जस्त उतरावं म्हनूनच तर ठिवलं व्हतं."

डॉक्टर हसायचे थांबेनात. मग म्हणाले, "आजोबा, जस्त लागतं शरीराला, पण ते जेवणातून. असं भांड्यातलं पोटात गेलं तर उलट्या होणारच. आणि जेवणातलं घेतलं म्हणून हृदय सांभाळलं जाईल, असं छातीठोक मी तरी सांगणार नाही. साखर किती आहे, ते तपासल्यावरच कळेल."

मला हसू येत होतं आणि रडूही. आता आबांना चांगलं झापायचं म्हणून मी वळले, तर तेच हळू आवाजात म्हणाले, "लई भ्या वाटत व्हतं गं." माझं झापणं तिथेच राहिलं.

रक्त घ्यायला बाई आल्या. आबांनी निमूट हात पुढे केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हिचं बी घ्या."

"माझं कशाला?"

"तुजं रगात कुटनं आलंय? माजंच की."

मी हात पदराआड घेतला. इथे गोठा असता तर मीही त्याची वाट धरली असती. आईनं मला दंडाला धरून खुर्चीत बसवलं.

दुपारनंतर दोन्ही कागद आले. आबांच्या रक्तात झटक्याची काही खूण नव्हती, साखर मात्र काठावर होती. भात कमी करा, रोज चाला, पुन्हा तपासा, असं डॉक्टरांनी सांगितलं. माझं सगळं ठीक होतं. आबांनी स्वतःचा कागद न बघताच आईकडे दिला. माझा मात्र डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचला, डॉक्टरांकडून पुन्हा एकदा वदवून घेतला आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"चला," ते म्हणाले, "मला भूक लागलीया."