जिवाणूंना पाजलेलं तीर्थ

आमच्या कंपनीचे साहेब परदेशात शिकून आले होते. ते तिथं नेमकं काय शिकले, याचा पत्ता मला नोकरी सोडेपर्यंत लागला नाही. कंपनी मावळातच, हायवेला लागून. काम मात्र खरं होतं. एका जिवाणूचे जनुक आम्ही दुसऱ्यात घातले होते. त्याला गोड भरपूर द्यायचं आणि बाकीचं खाणं तोडायचं, की अंगावर चरबी धरावी तसे तो पोटात प्लास्टिकचे कण साठवायचा. या प्लास्टिकचा कप पुरला, की मातीतलेच जिवाणू तो खाऊन टाकतात. गोड म्हणून लोणावळ्याच्या एका चिक्कीवाल्याकडचा उरलेला पाक यायचा.

मला या कामाचं वेड लागलं ते घरामुळे. लोहगडवाडीत आईची चहाची टपरी आहे. गड उतरून आलेली मंडळी तिथं चहा पितात, निसर्गावर तोंडभर बोलतात आणि कप मागच्या ओढ्यात भिरकावतात. म्हशी ते चघळत बसतात. मातीत जाणारा कप मी तुला करून देईन, असा शब्द मी आईला दिला होता. पहिल्या मोठ्या टाकीतलं प्लास्टिक तिच्याच टपरीसाठी होतं.

टाकी भरात आली आणि दसरा आला. मशीनला हार घालायला माझी ना नव्हती, आमच्याकडे ट्रॅक्टरलाही घालतात. पण साहेबांनी पाहुणे बोलावले होते, आणि पाहुणे दिसले की साहेबांना काहीतरी सुचायचं.

"आपले खरे कामगार तर टाकीत आहेत. त्यांना नको का तीर्थ?"

मी म्हटलं, "सर, आत बाहेरचं काही गेलं तर सगळं नासेल."

"अगं, नारळाचं पाणी आतून निर्जंतुक असतं!"

एवढं त्यांना ठाऊक होतं. तो नारळ उंबऱ्यावर फोडला होता, पाणी हळदीकुंकवाने माखलेल्या तांब्यात धरलं होतं आणि त्यात दूर्वा तरंगत होत्या, हे बहुधा त्यांच्या विज्ञानाच्या कक्षेबाहेरचं असावं. वरची तोटी उघडून त्यांनी पळीभर तीर्थ आत सोडलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने तर टाकीला नमस्कारही केला.

आमचे जिवाणू लाडावलेले, खाऊनपिऊन सुस्तावलेले. तीर्थातून आलेल्या गावठी जिवाणूंनी त्यांचा फडशा पाडला. टाकी फसफसली, आंबट वास सुटला, आणि जिवाणू मारायला अख्खा माल उकळून गटारात सोडावा लागला. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बैठकीत साहेबांनी निष्कर्ष काढला, की माझ्या जिवाणूची जातच नाजूक, आपल्या हवेला मानवली नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

कपवाटपाचा कार्यक्रम मात्र ठरलेला होता, आणि तो रद्द करण्याइतकी लाज कुणापाशी शिल्लक नव्हती. लोहगडवाडीत मांडव उभा राहिला, फ्लेक्स लागला. खोकी उघडली तेव्हा मला कळलं. कप बाजारातले, नेहमीच्या प्लास्टिकचे होते. त्यांच्यावर फक्त एक हिरवं पान छापून आणलं होतं.

"सर, हे आपले नाहीत," मी हळूच म्हटलं.

"प्रतीकात्मक आहेत," साहेब म्हणाले आणि फोटोसाठी हसले.

पहिला कप आईच्या हातात दिला गेला. संध्याकाळी मी घरी गेले, तर तो धुऊन-पुसून फळीवर ठेवलेला. आई शेजारच्या मावशीला दाखवत होती.

"माज्या लेकीनं केलाय. मातीत जातोय म्हनं. पर ह्यो मी न्हाई जाऊ द्यायची."

मावशी गेल्यावर मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं, "आई, हा मी केलेला नाही. विकत आणलेला आहे. शंभर वर्षं मातीत ठेवलास तरी जायचा नाही."

आईने कप खाली घेतला, उलटासुलटा करून पाहिला. तिला राग आलेला दिसला नाही.

"बरं," ती म्हणाली. "मग तू केल्याला कुटं हाय?"

गटारात, असं मनात म्हणत मी चहाचं आधण ठेवलं.