बाबांच्या रायफलीसाठी तीन दुर्बिणी

दारव्ह्याला माझं चष्म्याचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी तिथं पाय ठेवायला जागा नसते. काळीपिवळी जीपमधून उतरलेली म्हातारी माणसं भिंतीशी ओळीनं बसतात, मी एकेकाला तक्त्यासमोर बसवतो, एक डोळा झाकायला लावतो आणि अक्षरं वाचून घेतो. वीसेक वर्षं हेच करतो आहे. डोळ्यांचा डिप्लोमा केलेला माणूस म्हणून तालुक्यात थोडाफार मान आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी म्हणायला नको की बिचाऱ्याला कळत नव्हतं. मला कळायला हवं होतं.

आमचं घर आणि वावर दुकानापासून आठ-दहा किलोमीटरवर, जंगलाच्या कडेला. नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. बाबांकडे पीकसंरक्षणाच्या लायसन्सवर एक रायफल होती. रानडुकरांनी हरभरा उकरला, तूर लोळवली की शेतकरी वनखात्याकडे अर्ज करायचे, आणि परवानगीचा कागद हातात पडला की गाववाले आणि तांड्यावरचे दोघेही बाबांना बोलवायला यायचे. लोक म्हणायचे, हा माणूस जनावर जखमी करून सोडत नाही. बाबांना या बोलण्याचा फार अभिमान होता. तोंडानं कबूल करत नसत, पण असं कुणी म्हटलं की त्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नसत.

नेम ते नुसत्या डोळ्यानं धरायचे. नळीच्या टोकावर एक बारीक दाणा असतो, बंदूकवाले त्याला माशी म्हणतात. डोळ्याजवळची खाच, ती माशी आणि जनावर, तिन्ही एका रेषेत आणायची. साठी उलटल्यावर एका दिवाळीत ते मला म्हणाले, "माशी बराबर दिसत नाही बाप्पा. दुर्बीण बसवून घेऊ."

मी त्यांना दुकानात नेलं आणि तक्त्यासमोर बसवलं. उजव्या डोळ्यानं शेवटची ओळ घडाघडा वाचली, डाव्यानंही वाचली. जवळचं दिसायला तेवढा नंबर लागला, तो या वयात सगळ्यांनाच लागतो. मी टाळीच वाजवली. "सहा बाय सहा! बाबा, जवानाचे डोळे आहेत तुमचे." दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती, त्यांनाही ऐकवलं. संध्याकाळी गावात पारावर सांगितलं. बाप दाखवायचा आणि त्यासोबत आपली विद्याही दाखवायची, अशी दुहेरी हौस होती मला. बाबा नुसते हसत होते.

मग आम्ही नागपूरला बंदुकीच्या दुकानात गेलो. म्हाताऱ्या दुकानदारानं काउंटरवर हिरवं कापड अंथरलं आणि त्यावर एकेक दुर्बीण मांडली. काच हा माझा प्रांत, त्यामुळे मी सुटलोच. प्रत्येक दुर्बीण उजेडाकडे धरून कडेला चित्र पुसट होतं का ते पाहिलं, काचेवरच्या लेपाचा रंग पाहिला, डोळा किती मागे ठेवला तर पूर्ण गोल दिसतो ते मोजलं. हे अंतर कमी असेल तर बार सुटल्यावर दुर्बीण भुवईवर आदळते. दुकानदार म्हणाला, डुक्कर साठ-सत्तर पावलांवर मारायचं असेल तर जास्त मोठं दाखवणारी घेऊ नका, जितकं मोठं दिसेल तितकं शिवार कमी दिसेल. मी ऐकलं नाही. तीन पटींपासून नऊ पटींपर्यंत फिरवता येणारी, पुढच्या बाजूला मोठी काच असलेली दुर्बीण निवडली. बाबांनी ती डोळ्याला लावून दुकानाच्या दारातून समोरच्या इमारतीवरची पाटी वाचली. अक्षर न् अक्षर वाचलं.

मिस्त्रीनं दुर्बीण बसवून दिली. बांधावर खोकं ठेवून आम्ही नेम जुळवला. खोक्यावर सगळं बरोबर होतं. डुकरावर मात्र जमेना. "यात डुक्कर सापडतच नाही," बाबा म्हणायचे. "आता दिसते आन आता गायब होते." मला वाटलं, दुकानदार म्हणाला तेच खरं. पुढच्या हंगामात ती परत केली आणि चार पटींची, साधी, फिरवाफिरवी नसलेली घेतली. बाबांनी महिनाभर वापरली. "इचंही तोंड लहान आहे," म्हणाले.

याच काळात घरात बारीकसारीक गोष्टी होत होत्या. जेवताना बाबांच्या डाव्या हाताशी ठेवलेला पाण्याचा गिलास हमखास कलंडायचा. मोटारसायकल त्यांनी सोडून दिली, कंबर दुखते म्हणाले. बाजारात जायचं बंद केलं, गर्दी सोसत नाही म्हणाले. माझी बायको एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही सगळ्या जगाचे डोळे तपासता, बाबांचे एकदा पाहा बरं." मी तिच्यावर खेकसलो. सहा बाय सहा आहेत म्हटलं, माझ्या हातानं तपासलेत. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

तिसऱ्या वेळी मी लाल ठिपक्याची काच आणली. ती दुर्बीण नव्हेच. मोठं काही दाखवत नाही. समोर एक छोटी काच, तिच्यात एक लाल ठिपका. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, आजूबाजूचं सगळं शिवार जसंच्या तसं दिसत असतं, ठिपका जनावरावर ठेवायचा आणि घोडा दाबायचा. तोंड लहान असण्याचा प्रश्नच मिटला. बाबांनी रायफल खांद्याला लावली, वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली आणि खाली घेतली.

"इच्यातही तसंच आहे," ते हळूच म्हणाले. "मधातलं दिसते. बाजूचं नाही दिसत."

त्या क्षणी मला सगळं कळायला हवं होतं. दोन डोळे उघडे असताना ज्या माणसाला बाजूचं दिसत नाही, त्याच्या काचेत दोष नसतो. पहिल्या वर्षाचं पोरगंही हे ओळखेल. मी मात्र चिडलो. "बाबा, आता काय हवेची दुर्बीण आणून देऊ का तुम्हाला? नखरे आहेत तुमचे नुसते." त्यांनी फडक्यानं काच पुसली आणि रायफल घरात नेऊन ठेवली.

त्याच हिवाळ्यात हरभऱ्यात डुकरांचा कळप शिरला. परवानगीचा कागद आला. सकाळी ऊन पडल्यावर बाबा आणि मी आमच्याच बांधावर जाऊन बसलो. आजूबाजूच्या वावरांत आणि तांड्यावर आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, इकडे कुणी फिरकू नका. थोड्या वेळानं तुरीच्या ओळींतून एक मोठा नर बाहेर आला आणि हरभऱ्यात उकरू लागला. बाबांनी रायफल उचलली. मी त्यांच्या मागे होतो.

तेवढ्यात डावीकडून तांड्यावरची एक म्हातारी चालत आली. सुटलेल्या शेळीच्या मागे ती निघाली होती. तिच्या डोक्यावरून लाल ओढणी होती, अंगभर आरसे चमकत होते. आंधळ्यालाही दिसावी अशी बाई, आमच्यापासून वीस पावलांवर, सरळ नळीच्या रेषेकडे चालली होती. मला वाटलं, बाबा आता रायफल खाली घेतील. त्यांनी घेतली नाही. त्यांचं बोट आत वळताना मला दिसलं.

"बाबा!" मी ओरडलो आणि हातानं नळी वर उचलली. बार झाला नाही. डुक्कर तुरीत पळालं.

"काहून? काय झालं?"

"ती म्हातारी!"

"कोनती म्हातारी?"

ती तिथंच उभी होती. बाबा समोर पाहत राहिले. मग त्यांनी डोकं डावीकडे वळवलं, आणखी वळवलं, पार खांद्यापर्यंत नेलं, आणि तेव्हा ती त्यांना दिसली. बाबांचा चेहरा असा पडलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. म्हातारी हसत ओरडली, "काय रे भाऊ, मले डुक्कर समजला काय?" तिला काय घडता घडता राहिलं ते कळलंच नाही. शेळीला हाकत ती निघून गेली. बाबांनी रायफलीतलं काडतूस काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

मी त्यांच्यासमोर मातीत बसलो. "माझ्या नाकाकडे पाहा. मान हलवू नका. बोट दिसलं की सांगा." हात लांब पसरला आणि बोट हलवत हलवत कानाच्या बाजूनं आत आणू लागलो. निरोगी माणूस हात पुरता आत येण्याआधीच हो म्हणतो. माझं बोट माझ्या स्वतःच्या गालापर्यंत आलं, तेव्हा बाबा म्हणाले, "आता दिसलं." दुसऱ्या बाजूनं तेच. वरून तेच. मी तीनदा करून पाहिलं. या तपासणीला यंत्र लागत नाही, तक्ता लागत नाही. दोन वर्षांत कधीही, जेवता जेवता करता आली असती.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना एका यंत्रात डोकं घालून बसवलं. आत बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. मी बाहेरून पाहत होतो. दिव्यांमागून दिवे लागत होते आणि बाबांचा अंगठा हलत नव्हता. कागद निघाला तो जवळजवळ काळा होता, मधोमध तेवढा एक पांढरा डाग. काचबिंदू. यात मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते, म्हणून तक्ता घडाघडा वाचता येतो. मी हे परीक्षेत लिहून आलो होतो, त्यावर मार्कही मिळवले होते. बाई म्हणाल्या, "वाळलेली नस परत येत नाही. आहे तेवढं थेंबांनी टिकवू. दीड-दोन वर्षं आधी आणलं असतं तर..." आणि मी पुढे केलेलं दुकानाचं कार्ड वाचून त्या थांबल्या. कार्डावर माझा धंदा आणि डिप्लोमा छापलेला होता.

रायफल पोलीस ठाण्यात जमा केली. लायसन्स रद्द करायचा अर्ज बाबांनी स्वतः सही करून दिला. बघायला येणाऱ्या लोकांना ते सांगायचे, "पोरानं बोटानं ओळखलं, म्हणून एवढं तरी राह्यलं." लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे आणि मी उठून आत जायचो.

सकाळ-संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकायचं काम मी स्वतःकडे घेतलं. एका संध्याकाळी ते ओसरीत खुर्चीवर मान मागे टाकून बसले होते, माझ्या हातात बाटली होती, आणि माझ्यानं राहवलं नाही.

"बाबा, लोकांना खोटं सांगू नका. चूक माझी आहे. मी तुम्हाला तक्ता वाचायला लावला, दुर्बिणी बदलत बसलो. तुमचे डोळे माझ्यामुळं गेले."

त्यांनी बाटली धरलेला माझा हात बाजूला केला.

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "पयल्या दुर्बिणीच्या टायमालेच समजलं होतं. माणूस बाजूनं आला का दिसेच नाही मले."

"मग यवतमाळला काहून नाही गेले तुम्ही? मला काहून नाही सांगितलं?"

"तूनं साऱ्या गावात सांगतलं होतं ना, बाबाचे डोळे जवानाचे आहे म्हणून. मी डॉक्टरच्या पायऱ्या चढलो असतो आन कोनी पाह्यलं असतं, त लोक म्हनले असते का ज्याले घरच्याचे डोळे समजले नाही तो आपले काय पाहीन... मंग तुह्या दुकानात कोन आलं असतं?"

ते तसेच मान मागे टाकून वाट पाहत होते.

"टाक ना थेंब," ते म्हणाले.

पहिला थेंब त्यांच्या गालावर पडला. तो मी पुसला आणि दुसरा टाकला.